औषधांच्या पिशवीतली पॉलिसी

जर्मनीत अठ्ठावीस दिवस काढले की श्यामसुंदर खानझोडे यांना एक लाख चाळीस हजार रुपये मिळणार होते. दिवसाला पाच हजार. राहणं, जेवण, विमान सगळं कंपनीचं. म्हणजे आकडा जसाच्या तसा कात्रजला यायचा होता आणि कात्रजला त्याची जागाही ठरलेली होती. शेडमध्ये उजव्या भिंतीला, खिडकीखाली, चार फूट बाय तीन फूट. खानझोड्यांनी तिथे जमिनीवर खडूने चौकट आखून ठेवली होती. त्या चौकटीत ग्रॅनाइटची सरफेस प्लेट बसणार होती. प्लेटचे पंच्याण्णव हजार, क्रेनचे आणि हमालीचे सहा हजार वेगळे. उरलेल्या एकोणचाळीस हजारांचं काय करायचं, हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. त्यांच्या स्वभावाच्या मानाने ही उधळपट्टीच.

त्यांचा धंदा थोडा समजून घ्यायला हवा. मोठ्या यंत्राचा लोखंडी पाया, ज्याला कारखान्यात बेड म्हणतात, तो आरशासारखा सपाट लागतो. सपाट प्लेटला निळा रंग लावून ती बेडवर फिरवायची. जिथे निळं उमटलं तो उंचवटा. तो पात्याने, कमरेचा जोर लावून, वाकून खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा खरवड. भोसरीतली यंत्रं आता काँप्युटरवर चालत होती, पण त्यांचा पाया सपाट करायला माणूसच लागत होता, आणि सन दोन हजार तीनमध्ये पुण्यात असं चोख काम करणारी जेमतेम पाच-सहा माणसं उरली होती. खानझोडे त्यातले एक. विसाव्या वर्षी अमरावतीकडून आले, पिंपरीच्या कारखान्यात लागले, कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीचं पाकीट पुढे केलं तेव्हा ते घेतलं आणि स्वतःचं काम सुरू केलं. फक्त स्वतःची प्लेट नव्हती, त्यामुळे दुसऱ्यांच्या कारखान्यांत जाऊन त्यांच्या प्लेटीवर, त्यांच्या दराने राबावं लागे. खडूच्या चौकटीचा अर्थ एवढाच होता की चोपन्नाव्या वर्षी तरी काम आपल्या दाराशी यावं.

भोसरीच्या एका कंपनीने जर्मनीला मोठं ग्राइंडिंग मशीन विकलं होतं. जर्मनांना पुण्याने मशीन विकायचं, याचं कंपनीत इतकं कौतुक होतं की पेढे दोनदा वाटले गेले. वाटेत बेडला कुठेतरी झोल आला. तो जागेवर काढायला खानझोडे हवे होते. सोबत कंपनीचा सव्वीस वर्षांचा इंजिनियर, रोहन.

"काका, एक फिटनेस शीट भरायचंय," रोहन म्हणाला. "काही गोळ्या वगैरे?"

"छे."

रोहनने इंग्रजीत 'औषधे नाहीत' असं लिहून खाली सही ठोकली. खानझोडे चार वर्षं सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाची गोळी घेत होते. पण गोळी खाणाऱ्या माणसाला कंपनी परदेशी पाठवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याआधी एका फिटरचं नाव मधुमेहावरून कटलं होतं.

"आणि इन्शुरन्स तुमचा तुम्हीच काढा बरं का. आमच्या रोलवरच्या लोकांना ग्रुप कव्हर आहे, तुम्ही काँट्रॅक्टर. पॉलिसीच्या दोन कॉप्या द्या. एक व्हिसाला, एक आमच्या फाइलला."

फाइलला एक. सगळी मेख तिथे होती.

*

तात्याराव हे सरकारी विमा कंपनीचे एजंट, नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर बावीस वर्षं. त्यांची कामाची पद्धत ठरलेली. गिऱ्हाईक जिना चढेपर्यंत ते फॉर्म भरून ठेवत. जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली मारत. गिऱ्हाइकाने बसायचं, फुलीवर सही करायची, चेक द्यायचा, उठायचं. मायक्रॉन मोजणारे खानझोडे इथे काहीही न वाचता सही करत. स्कूटरचा विमा, शेडचा विमा, सगळं फुलीवर.

"बसा. ती खुर्ची नाही, फायली आहेत. पलीकडे बसा," तात्याराव म्हणाले. "अमेरिका?"

"जर्मनी."

"मग स्वस्तात सुटलात. अमेरिका वगळून अठ्ठावीस दिवसांचे सोळाशे चाळीस."

खानझोड्यांनी सही करायला पेन काढलं, आणि ते थांबले. "आधीचे आजार म्हणून एक रकाना असतो म्हणे."

"असतो. 'नाही' लिहून झालंय."

"मला जरासं बीपी..."

तात्यारावांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "मी विचारलं का?"

"नाही."

"मग सांगता कशाला? 'हो' लिहिलं तर पॉलिसीवर छापून येणार, उच्च रक्तदाब वगळून. तुमचा कंपनीवाला ते वाचणार. वाचल्यावर तुम्हाला पाठवणार का?"

"नाही पाठवणार."

"बीपीचे पैसे 'हो' लिहिलं तरी मिळायचे नाहीत, 'नाही' लिहिलं तरी मिळायचे नाहीत. 'नाही' लिहून निदान विमानात तरी बसाल. अहो खानझोडे, हा विमा आजारी पडायला नसतो, व्हिसा मिळवायला असतो. करा सही."

हिशेब बिनतोड होता. खानझोड्यांनी फुलीवर सही केली आणि खाली उतरून, सोळाशे चाळीसमध्ये काम झालं या आनंदात, साडेतीन रुपयांचा चहा घेतला.

*

घरी त्यांनी हे सगळं बायकोला, जयाला, कौतुकाने सांगितलं. जया साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. एका साडीचे तीस रुपये. ती कमी बोलायची आणि भांडण निरुपयोगी होईपर्यंत भांडायची नाही. त्या वेळीही ती फक्त "हौ" म्हणाली.

दोन दिवसांनी नम्रता साडी टाकायला आली. पलीकडच्या सोसायटीतली ही मुलगी नव्यानेच निघालेल्या एका खासगी विमा कंपनीत नोकरीला होती, जंगली महाराज रस्त्यावरच्या काचेच्या ऑफिसात. जयाने मशीन थांबवलं नाही, फक्त तात्यारावांच्या पॉलिसीबद्दल विचारलं.

"काकू, त्यांच्या पॉलिसीत बीपी बसतच नाही," नम्रता म्हणाली. "उलट खोटं लिहिलेलं निघालं, तर दुसरा क्लेमही अडवतील. आमच्याकडे एक जोड मिळते. बीपी आधीच सांगायचं, डॉक्टरांची चिठ्ठी लावायची, जादा पैसे भरायचे. मग बीपीमुळेच जिवावर बेतलं, तर दहा हजार डॉलरपर्यंत आम्ही देतो."

"बेतलं तरच?"

"तरच. नुसतं डोकं दुखलं तर नाही."

"म्हणजे नीट बेतायला हवं," जया म्हणाली. "किती?"

"चार हजार तीनशे दहा."

जयाने दोरा दाताने तोडला आणि मनात भागाकार केला. एकशे चव्वेचाळीस साड्या, वर दहा रुपये शिल्लक. डब्यात एवढे होते.

"दुसरी पॉलिसी आहे का, असा एक प्रश्न आहे. काय लिहू?"

"आहे ते लिही. आहे म्हणून लिही."

नवऱ्याला विचारलं असतं तर त्याने 'नाही' म्हटलं असतं. जयाने म्हणून विचारलं नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली आणि व्हिसाचे कागद सहीला निघाले त्या संध्याकाळी नम्रताचा फॉर्म त्या गठ्ठ्यात सरकवला. जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली मारली. खानझोड्यांनी बारा सह्या केल्या. बाराही फुलीवर, बाराही न वाचता. त्यातल्या एका सहीने त्यांनी लिहून दिलं की आपल्याला चार वर्षं उच्च रक्तदाब आहे.

पॉलिसी आली. आता ती नवऱ्याला सांगायची कशी, हा प्रश्न जयाने तिच्या पद्धतीने सोडवला. औषधांसाठी तिने निळ्या कापडाची चेनवाली पिशवी शिवली होती. खाली चोपन्न गोळ्या, आणि वर चार घड्या घातलेली पॉलिसी, तिला नम्रताचं कार्ड टाचलेलं. प्रवासाच्या दिवसाच्या दोन गोळ्या शर्टाच्या खिशात वेगळ्या. पॉलिसी बाजूला केल्याशिवाय गोळीला हात लागणार नाही. आणि पॉलिसीला हात लागला की चार हजार तीनशे दहा हा आकडा दिसणार. आकडा दिसला की फोन येणार आणि नवरा तिला झाडणार. मग उशीर झालेला असेल, पॉलिसी रद्द करायला जर्मनीहून कोणी नारायण पेठेत किंवा जंगली महाराज रस्त्यावर येत नाही.

थोडक्यात, तिने नवऱ्याच्या रागावर भरवसा ठेवला होता. कोथिंबिरीच्या जुडीला सहाऐवजी आठ रुपये दिले म्हणून एक अख्खी संध्याकाळ ऐकवणारा माणूस. एवढा भरवशाचा राग पुण्यात दुसरीकडे मिळाला नसता.

*

शनिवारी विमान उडालं. रविवारी दुपारी साडेबाराला फोन आला.

"पोचलो. थंडी आहे. पाव दगडासारखा आहे. ठेवतो, कार्ड जळतंय."

राग नव्हता. पण खिशातल्या दोन गोळ्या असतील, जयाने हिशेब मांडला. उद्यापासून पिशवी.

बुधवारी साडेतीनला पुन्हा फोन. बेड चार मीटर लांब आहे, मधोमध चांगलाच झोल आहे, दिवसभर वाकून पाठीचा कणा राहिलेला नाही, रोहन पोरगा चांगला आहे, दोघं एकाच खोलीत आहोत. कोथिंबिरीचा भाव विचारून झाला. राग नव्हता.

जयाने मशीनवर बसून त्या दिवशी दोन साड्यांचे फॉल उलटे लावले.

पुढच्या रविवारी, म्हणजे नवव्या दिवशी, ती फोनजवळच बसून होती.

"गोळ्या घेता ना?"

"हो, हो."

मागे रोहनचा आवाज येत होता, कोणाशी तरी इंग्रजीत. एका 'हो'ने भागलं असतं तिथे दोन आले होते.

"पिशवी उघडली?"

"उघडली ना."

"मग मला काही बोलायचं नाही?"

"काय बोलायचं?"

"काहीच नाही?"

"काहून? काय झालं? मी बरा आहे. डोकं जरा जड असतं, ते थंडीचं. बेड अर्धा होत आला, तू..."

कार्ड संपलं. जया रिसीव्हर धरून तशीच बसली. पिशवी उघडलेली नाही. एकदाही नाही. एका खोलीत रोहन आहे, त्याने शीटवर 'औषधे नाहीत' लिहिलंय, त्याच्यासमोर गोळी तोंडात कशी टाकायची? अठ्ठावीस दिवसांनी काय होतंय, असं त्यांनी मनाशी ठरवलं असणार. अठरा गोळ्यांतली खिशातल्या दोन सोडून एकही पोटात गेली नव्हती, आणि माणूस चार मीटरच्या बेडवर ओणवा होता.

सोमवारी सकाळी ती डॉक्टरांकडे गेली.

"ही गोळी अशी एकदम तोडायची नसते," डॉक्टर म्हणाले. "तोडली की दाब पहिल्यापेक्षा वर उसळतो. डोकं दुखतं का?"

"जड आहे म्हणाले."

"नाकातून रक्त वगैरे?"

"ते सांगणार नाहीत."

"काम कसलं? वाकून?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, आज गोळी पोटात जायला हवी. आज."

पुढचा फोन बुधवारी यायचा होता. बुधवारपर्यंत थांबायला एक पैसा लागत नव्हता. रोहनचा मोबाइल नंबर कंपनीच्या कागदावर होता, 'केवळ तातडीसाठी' असा शिक्का मारलेला. तो फिरवला की एक लाख चाळीस हजारांतलं काय उरेल हे तिला माहीत होतं. सकाळीच तिने शेड झाडली होती. झाडताना खडूची चौकट पुसू नये म्हणून केरसुणी कडेकडेने फिरवली होती. चौतीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या प्लेटीवर वाकत आला होता, त्यातली सहा तर स्वतःचा मालक होऊन. चौकट पुसायची तर ती आपल्या हाताने, त्याला न विचारता. दुसऱ्यांदा न विचारता.

ती धोंडिबाच्या एसटीडी बूथमध्ये शिरली. घरच्या फोनवर परदेशी फोन लागत नसे, खानझोड्यांनीच ती सोय बंद करून घेतली होती.

"जर्मनी? चोवीस रुपये मिनिट," धोंडिबा म्हणाला. "थोडक्यात बोला वहिनी."

"हॅलो, रोहन हिअर."

"मी जया खानझोडे. कात्रजहून."

"काकू? सगळं ठीक ना? काका बेडवर आहेत, बोलावू का?"

"त्यांना नको. तुमच्याशीच बोलायचंय. त्यांच्या बॅगेत निळी पिशवी आहे, चेनची. ती उघडा आणि आत गोळ्या किती आहेत ते मोजून सांगा."

"गोळ्या? कसल्या?"

मीटरवरचे लाल आकडे छत्तीसचे अडतीस झाले.

"बीपीच्या."

पलीकडे यंत्रांचा आवाज मागे पडत गेला. मग रोहन हळू आवाजात म्हणाला, "काकू, शीटवर मी 'नो मेडिकेशन' लिहिलंय. माझी साइन आहे."

"माहीत आहे."

"हे मला ऑफिशियली कळलं तर रिपोर्ट करावं लागेल. काकांचं काम स्टॉप होईल. माझंही काय होईल सांगता येत नाही."

"तेही माहीत आहे. मी चोपन्न ठेवल्या होत्या."

"लंच टाइमला लॉजवर जातो ना, मग..."

"आत्ता जा."

जया कोणाला हुकूम करणारी बाई नव्हती. कदाचित म्हणूनच रोहन "ओके" म्हणाला. तिने बूथचा नंबर दिला.

धोंडिबाने एकशे वीस रुपये घेतले आणि येणाऱ्या फोनचे मिनिटाला दोन पडतील हेही सांगून ठेवलं. जया स्टुलावर बसली. एक बाई आली आणि सांगलीला बहिणीशी अकरा मिनिटं लग्नाच्या साड्यांवर बोलली. लाइन अडलेली. जयाने ती अकरा मिनिटं साडीच्या पदराचा दोरा उसवत काढली. जिचा धंदा दोरे लावण्याचा, ती. बाई गेली. मग एक म्हातारे आले.

"आजोबा, पलीकडच्या बूथवर जा," धोंडिबा म्हणाला. "इथे मशीन बिघडलंय."

आजोबांनी चालू मीटरकडे पाहिलं, जयाकडे पाहिलं आणि ते पलीकडच्या बूथकडे निघाले. धोंडिबाने जयाकडे पाहिलंच नाही, पावत्यांचं पुस्तक चाळत राहिला.

पंचेचाळीस मिनिटांनी घंटा वाजली.

"काकू, चोपन्न," रोहन म्हणाला. तो धापा टाकत होता. "पिशवी स्वेटरच्या खाली होती. चेनही उघडलेली नव्हती. वर एक पॉलिसी आहे."

"ती तुमच्या खिशात ठेवा. टाचलेल्या कार्डावर नम्रताचा नंबर आहे. आता जाऊन त्यांना थांबवा."

"ते ऐकतील का माझं?"

"म्हणावं, जयाने गोळ्या मोजायला लावल्या. ऐकतील."

*

पुढचं रोहनने नंतर सांगितलं. तो पोचला तेव्हा खानझोडे बेडवर ओणवे होते आणि एका हाताने नाक दाबून होते. रंग पुसायचं फडकं दुसऱ्या हातात होतं. फडकं निळं असतं, त्या दिवशी त्यावर लाल होतं. सकाळपासून थांबत नाही, थंडीचं आहे, असं ते म्हणाले. रोहनने निरोप सांगितल्यावर त्यांनी पातं खाली ठेवलं, बेडवर निळ्याचा शेवटचा ठसा उमटला होता तो एकदा पाहिला, आणि उभे राहता राहता ते बेडवरच टेकले.

कारखान्याच्या नर्सने दाब मोजला. दोनशे चोवीसवर एकशे बत्तीस. तिने यंत्र बदलून पुन्हा मोजला. तोच. रुग्णवाहिका नऊ मिनिटांत आली. इस्पितळात काउंटरवर विचारलं, विमा? रोहनने खिशातली पॉलिसी पुढे केली. नम्रताच्या कंपनीच्या मदत केंद्राने डॉक्टरांशी फोनवर बोलून एकच गोष्ट विचारली, जिवावर बेतलं होतं का. जर्मन डॉक्टर कमी बोलणारे असावेत. त्यांनी सांगितलं, अजून एक दिवस वाकले असते तर हा प्रश्न विचारायला तुम्ही त्यांच्या बायकोला फोन केला असता.

मंगळवारी दुपारी जयाच्या घरचा फोन वाजला.

"चार हजार तीनशे दहा?"

हॅलो नाही, काही नाही. आवाज खोल गेलेला, पण त्यांचाच.

"हौ," जया म्हणाली.

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं."

"आणि माझी सही? ती कुठून आणली?"

"तुम्हीच केली. फुलीवर."

 मग सुरू झालं. सोळाशे चाळीसला मिळणारी वस्तू चार हजारांना कोणी घेतं का, चार ठिकाणी भाव विचारायचा असतो, त्या पोरीने तुला बनवलं, आणि रोहनला फोन करून सगळं घालवलंस, प्लेट गेली, आता शेडमध्ये त्या चौकटीत काय तुळस लावू का, आणि एका साडीचे तीस म्हणजे किती साड्या झाल्या, काही मोजलं होतंस का?

"एकशे चव्वेचाळीस," जया म्हणाली.

 मग उरलेला राग त्यांनी जर्मन पावावर काढला.

सहा मिनिटं. नऊ दिवस वाट पाहिलेला राग जयाने उभ्याने ऐकला, मधे एकदाही तोडला नाही. ठेवल्यावर ती पाटावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

*

क्लेमला एक अडचण आली. नम्रता पत्र घेऊन स्वतः घरी आली. "काकू, एकाच आठवड्यात दोन फॉर्म, दोन्हींवर काकांचीच सही. एकात बीपी आहे, एकात नाही. क्लेमवाले विचारतायत, यातला लपवणारा माणूस खरा की सांगणारा?"

जया पीएमटीने नारायण पेठेत गेली.

"दोन पॉलिसी?" तात्याराव म्हणाले.

"एक तुम्ही विकलेली, एक कामाला आलेली."

"वाक्य चांगलं आहे. पाटीवर लावतो." त्यांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांना कळत होतं ते काय मागतंय. ते लिहून दिलं तर सरकारी कंपनी आपली एजन्सी ठेवणार नाही, तेही त्यांना कळत होतं. "खानझोड्यांनी सांगितलं होतं हो. 'जरासं बीपी' म्हणाले होते. मीच म्हटलं, विचारलं का?"

"मग तेच लिहा."

"लिहितो. फुली मारून देऊ का?"

"मी वाचून घेईन," जया म्हणाली.

त्यांनी आपल्या लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या. विमाधारकाने आजार सांगितला होता, उत्तर मी लिहिले. खाली सही, तारीख, एजन्सीचा क्रमांक. क्रमांक लिहिताना त्यांचं पेन थांबलं नाही.

*

आता शेवटची बेरीज. चार दिवसांचं बिल दोन हजार नऊशे चाळीस युरो, म्हणजे एक लाख त्रेपन्न हजारांच्या घरात. अठ्ठावीस दिवसांच्या एकूण मजुरीपेक्षा तेरा हजार जास्त. ते नम्रताच्या कंपनीने भरलं. पहिले शंभर डॉलर तेवढे कराराप्रमाणे खानझोड्यांच्या वाट्याला आले. त्यांना दहा दिवसांचे पन्नास हजार मिळाले आणि पंधराव्या दिवशी परत पाठवलं गेलं. नव्वद हजार बुडाले. उरलेला बेड दुसऱ्याने केला. खानझोड्यांनी केलेला अर्धा भाग मोजला तेव्हा तीन मायक्रॉनच्या आत निघाला, त्यामुळे भोसरीची कामं चालू राहिली, परदेश मात्र बंद. प्लेट आली नाही. खडूची चौकट जयाने झाडताना पुसली. ते शेडमध्येच उभे होते, केरसुणीसाठी बाजूला सरकले.

तात्यारावांना त्या पॉलिसीत एकशे चौसष्ट रुपये कमिशन मिळालं होतं. सरकारी कंपनीने त्यांना खुलासा विचारला. खुलासा करण्याऐवजी त्यांनी बावीस वर्षांची एजन्सी परत केली आणि पेठेत सांगितलं की आता जिना चढवत नाही. जिना चढत गिऱ्हाइकं यायची, ते नव्हेत, हे कोणी काढलं नाही. जयाचे चार हजार तीनशे दहा आणि बूथवरचे एकशे वीस गेले. येणाऱ्या फोनचे पैसे धोंडिबाने घेतले नाहीत. सांगलीच्या बाईकडून मिळाले, म्हणाला.

रोहनला कंपनीने ताकीद दिली आणि वर्षाची पगारवाढ रोखली. खानझोडे त्याला भेटायला गेले, तेव्हा हिशेबाची वही सोबत घेऊन गेले होते. "मंगळवारचा तो फोन तुझ्या मोबाइलवरून झाला होता," ते म्हणाले. "सहा मिनिटं. रोमिंगचे किती पडले?"

"जाऊ द्या ना काका."

"जाऊ कसं देऊ? आकडा सांग."

"मिनिटाला ऐंशी. पण त्यातलं मी काही ऐकलं नाही, मी बाहेर उभा होतो."

खानझोड्यांनी वहीत लिहिलं, 'जयावर रागावणे, चारशे ऐंशी', आणि पैसे मोजून त्याच्या टेबलावर ठेवले. सगळ्या प्रकरणात हा एकच खर्च असा होता, जो त्यांनी भाव न विचारता आधी केला होता आणि नंतर कुरकुर न करता भरला.